कॅमेऱ्याचे आणि मोबाइलचे व्हिडिओ घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालतील असे कसे करायचे?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या लग्नाचं शूटिंग एमपी४ फाइलमध्ये आहे, २ तास २० मिनिटांचं. शिवाय श्रावणात कानबाईचे रोट (खान्देशातला देवीचा उत्सव) झाले तेव्हा आजीनं म्हटलेली गाणी घरातल्या दोन-तीन मोबाइलवर टिपलेली आहेत, ती सगळी मिळून पाऊण तास. आत्यांच्या घरी डीव्हीडी प्लेअर आणि जुना डबा टीव्ही आहे. स्मार्टफोनवर बघणं त्यांना जमत नाही, डोळ्यांना त्रास होतो. म्हणून सगळ्या फाइल कोऱ्या डीव्हीडीवर टाकून दिल्या. लॅपटॉपवर ती डिस्क छान चालते. आत्यांच्या प्लेअरवर मात्र थोडा वेळ गरगर फिरते आणि डिस्क ओळखता येत नाही असा संदेश येतो. डिस्क खराब आहे की प्लेअर?

दोन्ही चांगले आहेत. तुम्ही जे केलं ते फाइल साठवणं झालं. त्याला डेटा डिस्क म्हणतात. प्लेअरला लागते ती व्हिडिओ डीव्हीडी, आणि ती फाइल नुसत्या कॉपी करून तयार होत नाही. डीव्हीडी प्लेअर बाजारात आले ते १९९६ च्या अखेरीस, सगळ्यात आधी जपानमध्ये. त्यांच्या आतल्या चिपला एमपेग-२ नावाच्या पद्धतीनं दाबलेलं चित्र उलगडता येतं. आजचे कॅमेरे आणि मोबाइल ज्या एच.२६४ पद्धतीनं चित्र दाबतात तिचं मानक २००३ साली आलं. लॅपटॉपमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकलं की तो नवी पद्धत शिकतो. प्लेअरच्या चिपला तसं काही शिकवता येत नाही, ती जन्माला आली तशीच राहते. म्हणून फाइललाच चिपच्या भाषेत आणावं लागतं.

पुढे जाण्याआधी एकदा आत्यांच्या प्लेअरचं तोंड नीट बघून या, किंवा कुणाला तरी त्याचा फोटो पाठवायला सांगा. पुढे यूएसबीचं भोक असेल आणि ‘डिवएक्स’ असं चिन्ह असेल तर काम बरंच सोपं आहे. अशा प्लेअरसाठी एक्सव्हिड पद्धतीची एव्हीआय फाइल करायची, आकार ७२० बाय ५७६ च्या आत, आवाज एमपी३, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, तेव्हा लग्नाचे दोन-तीन तुकडे करा. एवढ्यावर भागतं. पण चिन्ह नसेल, किंवा आत्यांना डिस्क घालून बटण दाबायचीच सवय असेल, तर खरी व्हिडिओ डीव्हीडीच करा. आमच्याकडे खान्देशात अजून कितीतरी घरांत लोक ‘लग्नाची कॅसेट’ मागतात आणि त्यांना हवी असते ती डिस्कच. ती मागणी मी कधी कमी लेखत नाही. म्हातारी माणसं ज्या यंत्राशी सरावलेली आहेत त्यावर त्यांना त्यांच्या घरचं लग्न बघता आलं पाहिजे.

आता व्हिडिओ डीव्हीडीला काय काय लागतं ते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. चित्र एमपेग-२, त्याचा वेग म्हणजे बिटरेट जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९८ लाख बिट. आवाज एसी-३ किंवा तत्सम, पण ४८ किलोहर्ट्झचाच, ४४.१ चालत नाही. आणि हे सगळं डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये, व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा ठरलेल्या फाइलींच्या रूपात बसलेलं असलं पाहिजे. व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये कुठे काय आहे याचा नकाशा, आणि बीयूपी म्हणजे त्या नकाशाची जपून ठेवलेली प्रत. यातली एक गोष्ट चुकली तरी प्लेअर रुसतो.

यावरून एक लक्षात घ्या: तुमचं शूटिंग फुल एचडी आहे, म्हणजे १९२० बाय १०८०. त्यात जितके ठिपके आहेत त्यांच्या बरोबर एक पंचमांश ठिपके डीव्हीडीच्या चित्रात मावतात. तेव्हा मोठ्या एलईडी टीव्हीवर डीव्हीडी थोडी मऊ दिसणारच. तो तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. डबा टीव्हीवर मात्र चांगली केलेली डीव्हीडी फार सुंदर दिसते.

लोक सगळ्यात जास्त अडकतात ते जीबीमध्ये. ‘माझी फाइल ४ जीबीची आहे आणि डिस्क ४.७ जीबीची, मग बसेलच की.’ एमपी४ फाइल किती जीबीची आहे याचा इथे काडीचाही संबंध नाही. ती उलगडून पुन्हा एमपेग-२ मध्ये दाबली जाणार, आणि त्याच दर्जासाठी एमपेग-२ ला एच.२६४ च्या साधारण दुप्पट जागा लागते. डिस्कवर मोजायची ती मिनिटं. डिस्कवरचे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, विंडोज तेच ४.३७ दाखवतं. ४७० कोटीला ८ नं गुणा, म्हणजे बिट मिळाले. त्याला एकूण सेकंदांनी भागा. जो वेग येईल त्यातून चार टक्के इकडच्या-तिकडच्या खर्चाला सोडा आणि आवाजाचे १९२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १९२ हजार बिट, वजा करा. उरला तो चित्राचा.

तुमच्या लग्नाचे ८४०० सेकंद होतात. हिशेब केला तर चित्राला सुमारे ४१०० केबीपीएस मिळतात. चालेल, छान चालेल. पण लग्न आणि कानबाई मिळून ३ तास ५ मिनिटं एकाच डिस्कवर कोंबली तर चित्राला जेमतेम ३००० उरतात. सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही, ते निमूटपणे दाबून देईल. फरक पडद्यावर कळतो, तोही नेमका चांगल्या ठिकाणी. भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, पाहुणे अक्षता हातात घेऊन उभे आहेत, तोवर सगळं ठीक. वरातीत डीजेसमोर गुलाल उधळला की चित्र फुटतं. कारण एमपेग-२ चं सगळं बळ दोन फ्रेममधलं सारखेपण शोधण्यात आहे. मागची भिंत हलली नाही तर ती पुन्हा साठवायची नाही, असं त्याचं चालतं. हवेत उडालेल्या गुलालाचा प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो, वरून रंगीत लाइट भगभगत असतात, मग सारखं काही सापडत नाही. बिट कमी पडतात आणि नवरदेवाच्या चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे होतात. घरच्यांना तोच तर नाच बघायचा असतो! म्हणून माझा ठाम सल्ला: एका साध्या डिस्कवर दोन-सव्वादोन तासांच्या पुढे जाऊ नका, फार तर अडीच. त्याहून जास्त असेल तर दुसरी डिस्क करा. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क मिळते, पण जुने प्लेअर तिच्यावर थर बदलताना अडखळतात आणि ती महागही पडते. दोन साध्या डिस्क बऱ्या.

तुमच्या बाबतीत दोन डिस्क करण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जागेपेक्षा महत्त्वाचं आहे. लग्नाचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर लावलेला होता असं तुम्ही कळवलंय. मोबाइल ३० फ्रेम घेतात. ३० ची २५ करायची तर दर सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्याव्या लागतात. स्थिर चित्रात ते कळत नाही, पण मोबाइल हातात धरून कुणी देव्हाऱ्यापासून आजीच्या चेहऱ्याकडे वळलं की चित्र टप्प्याटप्प्यानं सरकतं, झटके बसतात. म्हणून लग्नाची डिस्क पाल करा आणि कानबाईची एनटीएससी. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि रंगीत टीव्ही दोन्ही पद्धती घेतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही टाइप’ असतं, ते ‘मल्टी’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. एनटीएससीत आडव्या ओळी कमी आहेत हे खरं, पण मोबाइलच्या त्या क्लिपांत हालचाल गुळगुळीत राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मोबाइलच्या फाइलींत एक छुपी अडचण असते. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप उघडून बघा. ‘फ्रेम रेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ असं दिसेल. म्हणजे उजेड कमी झाला की मोबाइल आपणहून फ्रेम कमी घेतो, परत उजेड आला की वाढवतो. रोटांचा कार्यक्रम रात्री, दिव्यांच्या उजेडात झाला असेल तर हे नक्कीच झालेलं असणार. अशी फाइल थेट डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिली की आवाज हळूहळू मागे-पुढे सरकतो. पहिल्या मिनिटाला ओठ जुळतात, दहाव्या मिनिटाला आजीचे ओठ मिटलेले आणि गाणं चालू. त्यासाठी आधी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल घेऊन ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडा, ३० द्या, आणि क्वालिटीचा सरकता काटा चांगल्यापैकी वर ठेवा, फाइल मोठी झाली तरी होऊ द्या. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, इथे त्याचं काम फक्त फ्रेमची शिस्त लावण्याचं आहे. उभ्या धरलेल्या मोबाइलच्या क्लिप असतील तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. चित्र ताणून किंवा डोकी कापून पडदा भरू नका.

आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत वापरू नका. ती आधीच एकदा पिळलेली असते. ज्या मोबाइलवर टिपलं त्याच मोबाइलवरून केबलनं फाइल घ्या. भाऊ सुरतेला असेल आणि केबल शक्य नसेल तर त्याला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठव पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तशी ती मूळ रूपात येते.

कानबाईच्या डिस्कवर माझं लक्ष आवाजाकडे राहील. लग्नं पुढेही होतील आणि त्यांचं शूटिंगही होईल. आजीला पाठ असलेली अहिराणी गाणी मात्र बहुतेक घरांत कुठेच लिहिलेली नाहीत. पाऊण तासाच्या डिस्कवर जागेला तोटा नाही, तेव्हा आवाज एसी-३ मध्ये १९२ ऐवजी ४४८ केबीपीएसवर ठेवा. चित्राला ७५०० द्या. एवढं करूनही डिस्कवर पावणेतीन जीबीच्या आसपासच जातील. चित्र त्याहून वर नेऊ नका. नियमात ९.८ बसत असले तरी घरी बर्न केलेली, म्हणजे लॅपटॉपवर लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरच्या लेन्सला छापील डिस्कपेक्षा वाचायला जड जाते, आणि वेग फार असेल तर ती मध्येच थबकते. पंख्याची घरघर काढायच्या मोहात ‘नॉइज रिडक्शन’ जोरात लावू नका. त्यात बाकीच्या बायकांची मागून येणारी साथ आणि आजीच्या आवाजातला कंप दोन्ही पुसले जातात. फक्त सगळ्या क्लिपांचा आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर आत्यांना रिमोट हातात धरूनच बसावं लागेल.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर डीव्हीडी स्टायलर मोफत आहे आणि पुरेसं आहे. मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक टिक वाचून पुढे जा. नवीन प्रोजेक्ट करताना डिस्कची क्षमता ४.७ जीबी, लग्नासाठी पाल, कानबाईसाठी एनटीएससी, आकार १६:९, आवाज एसी-३ असं निवडा. फाइल ओढून आत टाका. बिटरेट ‘ऑटो’वर ठेवला तर तो मिनिटांवरून आपणच ठरवतो, वरचा हिशेब माहीत असला की तो आकडा योग्य आहे का ते तुम्हाला पडताळता येतं. ज्यांना कमांड लिहायची सवय आहे त्यांनी थेट एफएफएमपेग वापरावं. त्यात पाल डीव्हीडीचं तयार लक्ष्य असतं, ते दिलं की आकार, फ्रेम, ४८ किलोहर्ट्झ सगळं आपोआप बसतं. बिटरेट मात्र ते ६००० धरतं, दोन तासांच्या लग्नाला तो जास्त होतो, तेवढा आपला घालायचा. दोनदा फिरवून दाबायची सोयही त्यात आहे. पहिल्या फेरीत ते कुठे गर्दी आहे ते बघून घेतं आणि दुसऱ्या फेरीत संथ प्रसंगातले बिट वाचवून वरातीला देतं. वेळ दुप्पट लागतो, पण लांब लग्नासाठी मी दुसरा मार्ग सुचवणार नाही.

मेनू साधा ठेवा. फिरणारी फुलं, उडणारी पाखरं काही नको. मोठी बटणं, मोठी अक्षरं: हळद, मांडव, वरात, लग्न, पाठवणी. दुसऱ्या डिस्कला ‘कानबाईना रोट’ असं अहिराणीत नाव दिलंत तर आत्यांना बरं वाटेल. अक्षरं पडद्याच्या कडेला नेऊ नका, कारण डबा टीव्ही चारी बाजूंनी थोडं थोडं चित्र चौकटीआड दडवतो. कडेला लिहिलेली तारीख अर्धीच दिसते.

चित्राच्या आकाराबद्दल एक फोन हमखास येतो: सगळी माणसं लांबुळकी आणि बारीक दिसताहेत. तेव्हा डिस्क बरोबर असते आणि प्लेअरचं सेटिंग चुकलेलं असतं. १६:९ चं चित्र डीव्हीडीत त्याच ७२० ठिपक्यांत आडवं दाबून ठेवलेलं असतं आणि प्लेअरनं ते टीव्हीच्या आकारानुसार उलगडायचं असतं. डबा टीव्हीला ‘४:३ लेटरबॉक्स’ निवडायचं, मग वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन माणसं माणसांसारखी दिसतात. ‘पॅन स्कॅन’ निवडलं तर पडदा भरतो, पण दोन्ही कडेचे पाहुणे कापले जातात, आणि कापला गेलेला पाहुणा नेमका आत्याचाच नवरा निघतो.

जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेलं शूटिंग कुणाकडे असेल तर त्यात प्रत्येक फ्रेम सम ओळी आणि विषम ओळी अशा दोन अर्ध्या भागांत साठवलेली असते, आणि डीव्हीमध्ये खालच्या ओळींचा भाग आधी येतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ असं सांगितलं नाही तर चालणारी माणसं थरथरत पुढे-मागे होतात. तुमच्या फाइलींना हे लागू नाही.

प्रोजेक्ट तयार झाला की थेट डिस्कवर जाऊ नका. आधी आयएसओ फाइल, म्हणजे सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत बनवा, ती व्हीएलसी या मोफत प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मेनूची बटणं दाबून बघा, मधली आणि शेवटची पाच मिनिटं बघा, ओठ जुळताहेत का पाहा. मग इमगबर्न नावाच्या सॉफ्टवेअरनं ती आयएसओ डिस्कवर लिहा. डीव्हीडी-आर घ्या. जुन्या प्लेअरना ती डीव्हीडी प्लस-आरपेक्षा जास्त मानवते. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, ४एक्सला भरलेली डिस्क साधारण पंधरा मिनिटं घेते. ‘व्हेरिफाय’ची खूण असू द्या. डिस्क बंद म्हणजे फायनलाइज झालीच पाहिजे, उघडी राहिली तर लॅपटॉप वाचतो आणि प्लेअर वाचत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो, बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह घ्यावा लागेल. त्याला दोन पिनांची केबल असेल तर दोन्ही पिना लावा, वीज कमी पडली की तो मध्येच डिस्क सोडतो. रूपांतराला काही तास लागतात, ते रात्री लावून द्या. बर्न करताना मात्र लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. भारनियमनाचा घाव रूपांतर चालू असताना बसला तर फक्त वेळ जातो, बर्न करताना बसला तर डिस्क जाते.

एक प्रत काढा, ती आत्यांच्या प्लेअरवर पूर्ण चालवून बघा, मगच बाकीच्यांच्या प्रती काढा. त्यांचे प्लेअर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर तिथे तिथे तपासणं आलंच. एखाद्या प्लेअरवर छापील सिनेमाची डिस्कही अडत असेल तर लेन्सवर धूळ बसलेली आहे. जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाचे बारीक तंतू आत जाऊन बसतात.

डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका. फिरताना तोल जातो आणि गोंद वर्षा-दोन वर्षांत कड सोडतो. सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करनं वरच्या बाजूला नाव, तारीख आणि पाल की एनटीएससी ते लिहा. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत डिस्क ठेवली तर तिच्यातला रंगाचा थर उतरतो आणि ती वाचेनाशी होते. कपाटात, कपड्यांच्या घडीत उभी ठेवा. आणि डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाइल पुसू नका. तुमच्या बहिणीच्या मुलांना हे लग्न बघायचं असेल तेव्हा प्लेअर नसतील, आणि डीव्हीडीवरून परत फुल एचडी काढता येत नाही. मूळ फाइल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे द्या. आजीची गाणी आहेत त्या क्लिपांना ‘व्हीआयडी’ नं सुरू होणारी मोबाइलची नावं तशीच राहू देऊ नका. प्रत्येकीला गाण्याची पहिली ओळ नाव म्हणून द्या, आणि ते आजी शेजारी बसलेली असताना, तिला विचारून करा.